विहिरीपासून पुलापर्यंत

कबनूरच्या कल्लाप्पा मगदूमला काही सांगायचं असलं की मी कागदावर लिहून देतो. तो वाचतो आणि उत्तर तोंडानं देतो, तेही एवढ्या मोठ्यानं की गल्लीच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला समजावं. त्यात त्याची चूक नाही. चौतीस वर्षं तो यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होता. माग अडला, धोटा उडाला, पट्टा सुटला की जॉबरला हाक. एका पत्र्याखाली चाळीस माग चालत असले की हाकसुद्धा ऐकू येत नाही, खांद्याला हात लावून बोलवावं लागतं. पंचेचाळिशीत त्याचा डावा कान गेला. उजवा नावापुरता राहिला.

मी त्याच कारखान्याशेजारी सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगमध्ये कारकून होतो. चहाच्या गाड्यावर आमची ओळख झाली आणि टिकली, कारण मला बोलण्यापेक्षा लिहायची सवय जास्त.

मालकानं जुने माग काढले तेव्हा कल्लाप्पा चोपन्न वर्षांचा होता. भंगारवाल्यानं गॅस कटर लावून तीन दिवसांत चाळीस माग कापून नेले. नवे बिनधोट्याचे माग आले, त्यांच्याबरोबर कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन आला. कल्लाप्पाला दुसऱ्या एका छोट्या कारखान्यात काम मिळालं. तिथं अजून जुने माग होते. पण आठवड्यातले दोनच दिवस, गुरुवार आणि शनिवार.

घरातही त्याच सुमारास माणूस कमी झालं. त्याची मुलगी अपूर्वा बंगळुरात कॉम्प्युटरच्या नोकरीत. तिच्या बाळंतपणाला म्हणून त्याची बायको राजमती तीन महिन्यांसाठी गेली. नात झाली, तिचं लाडाचं नाव मोना. अपूर्वाची रजा संपली, सासूबाई आजारी पडल्या, पाळणाघर पसंत पडेना. तीन महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची दोन झाली.

तो एकटा राहिला. भाकरी त्याला जमायची नाही, म्हणून शेजारची झुंबरबाई सकाळी चार भाकऱ्या देऊन जायची. भाजी तो करायचा. फोन वाजलेला त्याला कळायचा नाही. व्हिडिओवर राजमतीचे ओठ हलताना दिसायचे, तो मान हलवायचा, ती मान हलवायची, मग मोनाचा चेहरा यायचा आणि फोन बंद व्हायचा. मेसेज लिहायचं तर दोघांनाही सुचायचं नाही. 'जेवलो.' 'बरं.' अपूर्वानं महागातलं कानातलं यंत्र घेऊन दिलं होतं. त्यातनं भांड्यांचा खणखणाट तेवढा यायचा, शब्द यायचे नाहीत. आठ दिवसांत त्यानं ते काढून डब्यात ठेवलं.

दिवाळीला अपूर्वा चार दिवसांसाठी आली, तेव्हा तिनं बापाला बघितलं. तो भर दुपारी बंद टीव्हीसमोर पाटावर बसला होता.

"पप्पा, टीव्ही लावू काय?" तिनं खुणेनं विचारलं.

"कशाला? चित्रं हलत्यात नुसती."

तिनं माळ्यावरचा आपला कॉलेजातला लॅपटॉप काढला. कॉलेजात असताना ती एक गेम खेळायची. डोंगर, नद्या, किल्ले, जादूगार, राक्षस असलेली, आणि जगभरातली माणसं एकाच वेळी त्यात फिरायची. नाव इंग्रजी होतं. कल्लाप्पा त्याला पहिल्या दिवसापासून 'राज्य' म्हणाला. अपूर्वानं कागदावर लिहिलं, 'इथं बोलायला कान लागत नाहीत. खाली टाइप करायचं. दर रविवारी चार वाजता मी येणार. आपण दोघं फिरायचं.'

स्वतःसाठी पात्र निवडायचं होतं. त्यानं एक बुटका, रुंद छातीचा, दाढीवाला लोहार निवडला.

"ह्याचं हात कामाचं दिसत्यात," तो म्हणाला. नाव दिलं जॉबर.

पहिल्या रविवारी चारला पाच मिनिटं कमी असताना तो विहिरीपाशी जाऊन उभा राहिला. राज्यात नवीन माणूस एका खेड्यातल्या विहिरीपाशी जन्मतो. अपूर्वाचं पात्र, एक वनकन्या, आली. उंच, पाठीला बाण, पायांत हलके बूट. तिनं टाइप केलं, 'चला पप्पा, तळं दाखवते.' आणि निघाली. अगदी दिसेनाशी झाली. लोहार धप धप करत मागनं. ती पुलावर थांबायची, तो पोचला की पुन्हा निघायची. टेकडीवर थांबायची. 'पप्पा, लवकर या.' टेकडीखाली पुन्हा थांबली. मग अक्षरं आली, 'मोना उठली. मी जाते. तळं सरळ पुढं आहे.' आणि वनकन्या जागच्या जागी विरून गेली.

तो सरळ पुढं चालत राहिला. अकरा मिनिटांनी तळ्यावर पोचला. पाणी निळं होतं, बदकं होती, पलीकडच्या काठावर कुणीतरी परका माणूस मासे धरत होता. कल्लाप्पा तिथं अर्धा तास उभा राहिला. लेकीला हे दाखवायचं होतं, आणि दाखवायला ती नव्हती, एवढंच त्याच्या मनात येत होतं, असं त्यानं मला सांगितलं.

तीन रविवार असेच गेले. अपूर्वाला जेमतेम पाऊण तास मिळायचा, आणि त्यातला अर्धा बापाची वाट बघण्यात जायचा. ती रागावत नव्हती. पण तिसऱ्या रविवारी तिनं लिहिलं, 'पप्पा, पुढच्या वेळी आपण विहिरीपाशीच बसू. तुम्हाला चालायला नको.'

हे त्याला लागलं.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडं आला. हातात कागदाचा चिटोरा, त्यावर एक इंग्रजी शब्द अक्षरं बघून बघून उतरवलेला. "ह्यो शबूद लाल अक्षरात सारखा येतोय. काय म्हणतोय त्यो?"

मी डिक्शनरी बघून लिहून दिलं, 'ओझ्यानं दबलेला.'

त्यानं कागदाकडं बघितलं आणि मांडीवर थाप मारली. "आत्ता गावलं! पिशवीत दगडं भरल्यात मी."

जॉबर माणूस रस्त्यात दिसेल ते उचलत गेला होता. मोडक्या तलवारी, लोखंडाचे खडे, पाव, कातडी, दोऱ्या. काहीतरी दुरुस्तीला उपयोगी पडेल म्हणून. ते सगळं त्यानं गावातल्या पेटीत ठेवलं. मग एक वही केली. विहिरीपासून पुलापर्यंत किती सेकंद लागतात ते मनगटावरच्या घड्याळात बघायचं आणि लिहायचं. पहिला आकडा होता एकशे बारा. पिशवी रिकामी केल्यावर शहाण्णव.

मागाचा वेग वाढवायचा असला की जॉबर आधी मोटरला हात लावत नाही, हे त्यानं मला समजावलं. आधी बघायचं, कुठं घासतंय, कुठं अडतंय, कुठं उगाच जोर जातोय. ते काढलं की माग आपोआप हलका होतो. त्याच रीतीनं तो राज्यात शिरला. लोखंडी चिलखत काढून साधा अंगरखा घातला, सेकंद ब्याऐंशी. गवतातनं आडवं जाण्यापेक्षा फरशीच्या रस्त्यानं वळसा घेतला तर लवकर पोचतो, हे त्यानं सहा वेळा मोजून पक्कं केलं. गावातल्या बाईच्या हातची एक लापशी खाल्ली की पाच मिनिटं पाय हलके होतात, तेही त्याला गावलं. एक हिरवं औषध प्यायला आणि एवढ्या वेगानं सुटला की वळण घेता आलं नाही, कड्यावरनं खाली पडून मेला. ते सांगताना तो एवढ्या मोठ्यानं हसला की झुंबरबाई बाहेर आली.

"काय झालं वो?" तिनं मला विचारलं.

"कड्यावरनं पडलाय," मी म्हणालो.

तिनं त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि आत गेली.

पण खरा वेग बुटांत होता. गावातला चांभार वेगाचे बूट करून द्यायचा, त्याला बारा हरणांची कातडी लागायची. अपूर्वानं लिहिलं, 'सोपं आहे. जंगलात हरणं भरपूर. एका तासात होईल.'

कल्लाप्पा जैन. घरात सूर्यास्ताआधी जेवण, मुंगीच्या वाटेत पाय पडला तर बाजूला होणारा. त्यानं लिहिलं, 'ते जमायचं न्हाय.'

'पप्पा, ती हरणं खोटी आहेत.'

'हाईत खोटी. पर कुऱ्हाड मलाच उचलाय लागतीया न्हवं?'

अपूर्वानं हसरा चेहरा पाठवला, पण पुढं वाद घातला नाही. दुसरा मार्ग तिनंच शोधून दिला. उत्तरेच्या कड्यांवर मोठे पांढरे पक्षी राहायचे, त्यांची गळालेली पिसं खाली पडायची. तीनशे पिसं दिली की डोंगरातली एक म्हातारी पिसांचे बूट विणून द्यायची. हा मार्ग कुणी धरत नाही, फार वेळ खातो, असं तिनं सांगितलं.

वेळ त्याच्याकडं होता. सोमवार, मंगळवार, बुधवार, शुक्रवार तो कड्याखाली फिरायचा. एका फेरीत चार पिसं मिळायची, कधी दोन. बर्फ पडायचं. पक्षी डोक्यावरनं जायचे, त्यांचा आवाज गेममध्ये असणार, त्याला तो नव्हता. चार आठवडे लागले. म्हातारीनं बूट दिले त्या दुपारी तो विहिरीपाशी आला, घड्याळ बघितलं आणि सुटला. अडतीस सेकंद. पुन्हा केलं. अडतीस. त्यानं वहीत आकडा लिहून खाली दोन रेघा मारल्या.

त्या रविवारी अपूर्वा आली तेव्हा तो पुलावर उभा होता. ती निघाली, तो तिच्या खांद्याला खांदा लावून निघाला. तळ्याच्या काठानं, मोडक्या किल्ल्याच्या बुरुजावरनं, गव्हाच्या शेतातनं. तिनं लिहिलं, 'पप्पा!!! कसं केलं?' त्यानं लिहिलं, 'घासत हुतं ते काढलं.' पाऊण तासात त्यांनी अर्धं राज्य पालथं घातलं. मला तो आनंद चहाच्या गाड्यावर दोन दिवस ऐकायला मिळाला.

त्यानंतरच्या रविवारी अपूर्वा आली नाही. ऑफिसचं काम निघालं. पुढच्या रविवारी मोनाला ताप. मग ती एकदा आली, दहा मिनिटांसाठी, आणि पात्र उभं करून स्वयंपाकघरात गेली असावी, कारण वनकन्या नुसती श्वास घेत उभी होती. नंतर सलग तीन रविवार कुणी नाही. शेवटी मेसेज आला, 'पप्पा सॉरी. नवीन प्रोजेक्ट आहे. तुम्ही खेळत राहा.'

तो खेळत राहिला. रविवारी चार वाजता पुलावर जायचा, पाचपर्यंत थांबायचा. मग धावत सुटायचा. आता त्याला थांबवणारं काही नव्हतं. ज्या डोंगराला पूर्वी अख्खी दुपार लागायची तो दहा मिनिटांत मागं पडायचा. सबंध राज्याला वेढा घालायला त्याला एक तास पुरायचा. गावं यायची, जायची. कुठल्या वळणावर कोणतं झाड, कुठल्या पडवीत कोण म्हातारा बसलेला, सगळं पाठ झालं. बाकीची माणसं टोळ्यांनी फिरायची, त्याला बघून कुणी हात हलवायचं, पण तो त्यांच्यापाशी थांबायच्या आधीच पुढं निघून गेलेला असायचा. आणि थांबला तरी ती इंग्रजीत बोलायची.

"हळू चालत हुतो तवा बरं हुतं," तो मला एकदा म्हणाला. "जायचं हाय कुटंतरी असं वाटायचं. आता जाऊन येतोय आनि सहाच वाजल्यात."

मी लिहिलं, 'मग बंद कर की.'

त्यानं कागद परत दिला. "बंद करून काय करू?"

मी कागद घडी करून खिशात ठेवला.

फेब्रुवारीतला एक मंगळवार. सकाळचे अकरा वाजले होते. कल्लाप्पा विहिरीपाशी लापशी घेत होता. इतक्यात शेजारी वनकन्या उगवली. त्यानं घाईनं टाइप केलं, 'अपू?'

उत्तर नाही. वनकन्या जागच्या जागी गोल फिरली. मग चालायला लागली ती सरळ भिंतीवर जाऊन आदळली आणि भिंतीला तोंड लावून तशीच चालत राहिली. मग उडी मारली. मग धनुष्य काढून एक बाण सोडला, तो लोहाराच्या डोक्यावरनं गेला.

'अपू, काय करायलीस?'

बराच वेळ गेला. मग एकेक अक्षर जुळवल्यासारखी इंग्रजी अक्षरात ओळ उमटली.

'जेवलासा का'

सकाळी अकराला त्याला असं विचारणारं जगात एकच माणूस होतं. मग त्यानं लिहिलं, 'राजमती?'

'व्हय.'

मोना आता अडीच वर्षांची झाली होती आणि साडेनऊ ते बारा शाळेत जायची. तिच्यासाठी आणलेल्या ए-बी-सी-डीच्या चटईवर राजमतीनं नातीबरोबर अक्षरं घोटली होती. तिला शाळेत सोडून आल्यावर रिकाम्या घरात बसायचं तिला नको वाटायला लागलं, तेव्हा तिनंच लेकीला विचारलं, 'तुझा बाप कुठं असतो, तिथं मला जाता येतंय का?' अपूर्वानं तिला पुढं जायचं बटन दाखवलं, लिहायचं दाखवलं. वळायचं कसं ते दाखवायच्या आत तिची मीटिंग सुरू झाली होती.

त्या दिवशी दोघं विहिरीपासून पुलापर्यंत गेले. पंचवीस मिनिटं लागली. ती दोनदा ओढ्यात पडली. तो तीन पावलं जायचा आणि थांबायचा, तीन पावलं आणि थांबायचा, तरी ती मागंच राहायची. शुक्रवारी ती पुन्हा आली तेव्हा कल्लाप्पानं पेटीतनं लोखंडी चिलखत काढून अंगावर चढवलं होतं, बूट काढून ठेवले होते आणि पिशवी दगडांनी भरली होती. आता त्यानं बटन दाबून धरलं आणि ती अडखळत आली तरी दोघं बरोबरीनं चालायचे.

'असं का झालासा?' तिनं विचारलं.

'ओझं हाय जरा.'

मंगळवार आणि शुक्रवार ठरले. सुरुवातीला बोलणं तेच. भाकरी कोण देतंय, पाणी कधी येतंय, झुंबरबाईच्या सुनेचं काय झालं. पण चालत राहिलं की बोलणं पुढं सरकतं. मार्चमधल्या एका शुक्रवारी ती पुलावर थांबली. अक्षरं हळूहळू येत राहिली. तिला एक ओळ लिहायला दोन मिनिटं लागायची, आणि तो ती येईपर्यंत नदीकडं तोंड करून उभा राहायचा.

'मी हितं आल्यावर पहिलं सा महिनं लई रडले.'

'कवा? कुणी बघितलं न्हाय?'

'न्हाणीत. नळ सोडून.'

अकराव्या मजल्यावरचं घर. लिफ्टची भीती. खाली बागेत बायका बसायच्या, त्या कन्नड बोलायच्या. राजमतीचं माहेर सीमेवरचं, कन्नड तिला येतं, म्हणून ती आनंदानं बोलायला गेली. तिचं बोलणं ऐकून त्या हसल्या. वाईट मनानं नाही, पण हसल्या. मग ती तीन महिने खाली गेली नाही.

कल्लाप्पानं लिहिलं, 'मला का सांगितलं न्हाईस?'

ह्या उत्तराला बराच वेळ लागला. तो सांगतो, एक मोठी नाव नदीतनं आली आणि पुलाखालनं निघून गेली, तेवढा.

'तुमाला सांगायचं म्हंजे वरडाय लागतंय. झुंबरबाईला वाटायचं मी भांडतीया. मग वरडून सांगन्यासारखं हाय तेवढंच सांगत गेले. पानी आलं. चा घ्या. हे काय वरडून सांगू?'

एकतीस वर्षांचा संसार. त्यानं ती ओळ चार वेळा वाचली. मग त्यानंही एक गोष्ट लिहिली, जी डॉक्टरला सोडून कुणाला सांगितली नव्हती. कान गेले, पण आवाज गेला नाही. भंगारात घातलेले माग त्याच्या डोक्यात चालूच आहेत, सकाळी उठल्यापासून. कुणाचं बोलणं येत नाही, आणि तेवढं येतं.

'कवापासनं?'

'धा वर्सं झाली.'

'मला सांगितलं न्हाईसा.'

'तुला ऐकू येत हुतं. तुला काय सांगायचं.'

वनकन्या लोहाराच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली, एवढी जवळ की तिच्या धनुष्याचा दांडा त्याच्या चिलखतातनं आरपार दिसत होता. बारा वाजायला आले होते. ती मोनाला आणायला गेली.

एप्रिलमध्ये जयसिंगपुरात राजमतीच्या भाच्याचं, अभिनंदनचं लग्न होतं. ती आठ दिवसांसाठी आली. कल्लाप्पा मिरज स्टेशनवर गाडीच्या एक तास आधी जाऊन बसला. नवा शर्ट घातला होता. किती काय काय बोलायचं ठरवलं होतं. ती उतरली, त्यानं पिशवी घेतली. ती काहीतरी म्हणाली. त्याला कळलं नाही. "आँ?" तो म्हणाला. फलाटावरच्या चार माणसांनी वळून बघितलं. ती मान हलवून म्हणाली, काही नाही.

घरी आल्यावर तिनं घर झाडलं, डबे पुसले, भाकरी केली. कल्लाप्पा पाटावर बसून तिच्या हाताकडं बघत होता. "चा!" ती ओरडली. त्यानं कप घेतला. दोन दिवस असेच गेले. लग्न झालं. पाचव्या दिवशी संध्याकाळी दोघं उंबऱ्यावर बसले होते, समोर झुंबरबाई तांदूळ निवडत होती.

"हिकडं तू बोलत न्हाईस," कल्लाप्पा म्हणाला. त्याला वाटलं तो हळू म्हणाला. झुंबरबाईनं मान वर केली.

राजमतीनं गल्लीकडं बघितलं. मग त्याच्याकडं वळून ओठ हलवले. त्याला दोन शब्द कळले, बाकीचे कळले नाहीत. त्यानं पुन्हा विचारलं नाही. लिहून दे म्हणावंसं त्याला वाटलं, पण बायको शेजारी बसलेली असताना तिला कागद द्यायचा, ह्याची त्याला लाज वाटली. हे तो मला नंतर म्हणाला.

ती गेली. पुढच्या मंगळवारी अकराला वनकन्या विहिरीपाशी आली आणि तिनं लिहिलं, 'घरात लई सांगायचं हुतं.'

'मलाबी.'

मग दोघं निघाले आणि तळ्यापर्यंत गेले. आता तिला वळता येत होतं.

जूनमध्ये मोना मोठ्या शाळेत जायला लागली की राजमती परत येणार, असं ठरलं होतं. कल्लाप्पानं घराला चुना मारून घेतला. त्या महिन्यातल्या दुसऱ्या शुक्रवारी राजमतीनं पुलावर येऊन लिहिलं, 'अपूला परत दिवस गेल्यात.'

आनंदाची गोष्ट. त्यानं 'चांगलं झालं' असं लिहिलं. मग त्यानं मनात हिशोब केला. बाळंतपण, मग तीन वर्षं. त्याचे हात मांडीवर पडले. स्क्रीनवर लोहार उभा होता.

'अवो. गेला का?'

'हाय.'

'रागावलासा?'

'न्हाय.'

कुणीतरी घोड्यावरनं त्यांच्यामधनं गेलं.

'तुमी हिकडं या.'

'तितं माझं कोन हाय?'

ह्या वेळी उत्तर लगेच आलं. चुकलेल्या अक्षरांसकट.

'मी हाय की.'

त्यानं महिनाभर घेतला. छोट्या कारखान्याच्या मालकाला सांगितलं. त्यानं थांब म्हणून एकदाही म्हटलं नाही, ह्याचं त्याला वाईट वाटलं. घराची किल्ली झुंबरबाईकडं दिली. हत्यारांची पेटी माझ्याकडं ठेवली. पान्यांना तेल लावत जा म्हणाला. मिरजेला मी सोडायला गेलो होतो. गाडीत बसल्यावर तो खिडकीतनं मोठ्यानं म्हणाला, "तितं मला कोन वळकत न्हाय बघ!" सगळ्या डब्यानं ऐकलं. मी कागद काढला, पण काय लिहावं ते सुचेपर्यंत गाडी हलली.

तो जाऊन आता सात महिने झाले. दुसरं नातवंड, नातू झाला. कल्लाप्पाचा मेसेज कधी आठवड्यानं, कधी पंधरा दिवसांनी येतो. त्यातनं समजतं ते असं. राजमतीला आता खाली बागेत मैत्रिणी आहेत, ती संध्याकाळी जाते. हा अकराव्या मजल्यावर बसतो. तिथल्या घरात ओरडून बोललं तर शेजारी बेल वाजवतात, म्हणून घरात सगळे हळू बोलतात, आणि त्याला काहीच कळत नाही. मोना मात्र त्याच्या मांडीवर बसते, त्याची हनुवटी हातात धरून तोंड आपल्याकडं वळवते आणि ओठ मोठे करून बोलते. निम्मं समजतं, असं त्यानं लिहिलं.

पण एकदा अपूर्वाचा मेसेज आला. तिनं लिहिलं होतं, बाळ झोपलं की दुपारी आई आतल्या खोलीत तिचा लॅपटॉप घेते, आणि पप्पा हॉलमध्ये त्यांचा. मधलं दार लोटून घेतात. 'काका, मी काय लिहितात ते कधी बघत नाही. पण तासभर घरात टकटक आवाज येत असतो, आणि मग आई डोळे पुसत चहा ठेवायला येते, नाहीतर हसत.'

मी त्याला ह्याबद्दल काही विचारलं नाही. गेल्या आठवड्यात त्याचा मेसेज आला, तिथल्या एका शिंप्याच्या दुकानातलं जुनं शिलाईयंत्र अडलं होतं, ते त्यानं उघडून चालू करून दिलं. शिंप्याला मराठी येत नाही, ह्याला कन्नड येत नाही आणि ऐकूही येत नाही. शिंप्यानं चहा पाजला. उद्या पुन्हा जाणार आहे, असं लिहिलं होतं, आणि पेटीतला आठ नंबरचा पाना कुरिअरनं पाठवशील का, असं विचारलं होतं.